रोज एक पान

“कुठलं पान?” डॉक्टर इनामदारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पानफुटीचं,” मीही तिसऱ्यांदा सांगितलं. “मुतखड्यासाठी. रोज सकाळी अनशापोटी एक पान चावून खाते आत्या. निम्मं कराड खातं, डॉक्टर.”

“खातं ना. पण निम्म्या कराडची नाडी अशी होत नाही.”

त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. आत द्वारकाआत्या पडली होती. छातीला तारा, हाताला सलाईन आणि उशाशी एक हिरवी रेघ. ती रेघ उडी मारायची, मग नुसतीच सरळ सरकत राहायची, आणि पुढची उडी येईपर्यंत माझा श्वास अडकून बसायचा.

“हृदयाच्या गोळ्या त्यांना चालू नाहीत. घरातही नाहीत म्हणता. उलट्या, चक्कर आणि इतकी मंद नाडी. मला हे कण्हेरीच्या जातीचं काहीतरी पोटात गेल्यासारखं दिसतंय. तसं असेल तर पेसमेकर लावायची वेळ येऊ शकते. ती सोय इथं नाही, पुण्याला हलवावं लागेल.”

“मग हलवू या की.”

“वाटेत काही झालं तर? आणि खाल्लेलं साधंसुधं असेल तर उगाच धोका का घ्यायचा? झाड आणा. फुलांसकट, मुळांसकट. काय खाल्लंय ते कळलं की मी ठरवतो. लवकर करा.”

आम्ही बोलतोय तोवर आतली सिस्टर दार उघडून बाहेर आली आणि दारातूनच मोठ्यानं विचारू लागली, “सर, विषबाधा म्हणून लिहू का? पोलिसांना कळवायला लागेल मग.” डॉक्टरांनी तिला हातानंच थांबवलं. मला तिचा भयंकर राग आला. आत पडलेल्या बाईला ऐकू येत नाही असं समजतात की काय ही माणसं!

आत्याला ऐकू येत होतं. मी आत गेले तर ती डोळे उघडून छताकडे पाहत होती.

“आत्या, पानफुटी कुठली खातेस गं? कुठं आहे ते झाड?”

“आपल्याच हौदातली,” ती पुटपुटली. “मी कुणाच्या दारात मागायला जात नाही.”

“ते नाही विचारलं मी. हौदात कुठं? फूल कसलं आहे त्याला?”

“असेल काहीतरी. हिरवं आहे.” आणि तिनं डोळे मिटले.

हिरवं आहे! झाड हिरवं आहे, ही माहिती घेऊन मी स्कूटरला किक मारली.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मोबाइल तेव्हा नुसते बोलण्यापुरते होते. फोटो काढून कुणाला पाठवावा आणि झाडाचं नाव विचारावं, ही सोय नव्हती. मी कराडलाच शाळेत गणित शिकवत होते. माझी आई लवकर गेली आणि बाबांनी मला त्यांच्या बहिणीच्या पदरात घातलं, ती ही द्वारकाआत्या. तिला मूलबाळ नाही, काकाही लवकर गेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. तिला काही झालं तर मला दुसऱ्यांदा आई जाणार होती, इतकं सरळ गणित होतं ते.

आत्याची गच्ची म्हणजे तिचं संस्थान. धुण्याचा सिमेंटचा हौद फुटला तेव्हा तिनं तो वर चढवून मातीनं भरला आणि त्यात दिसेल ते लावलं. एकात एक, एकावर एक. सगळी झाडं मानगुटीवर बसल्यासारखी वाढलेली. त्यांची नावं विचाराल तर आत्याकडे नावं होती, पण ती झाडांची नव्हती. ज्यानं फांदी दिली त्याचं नाव झाडाला. “ते ना? ते नलूचं.” नलू म्हणजे एक्स्चेंजमधली तिची मैत्रीण. “ते बँकेतल्या बाईंचं. ते स्टँडजवळचं.” स्टँडजवळचं म्हणजे एसटी स्टँडशेजारच्या कुठल्याशा कुंपणातून, कुणी पाहत नाही असं बघून, मोडून आणलेलं. असं आणलेलं रोप हमखास जगतं, असा तिचा ठाम विश्वास होता. मागून आणलं की मरतं म्हणे.

हौदापुढे उभी राहून मी पाहत राहिले. लाल झुपके, पांढरी फुलं, जांभळी फुलं, कळ्याच कळ्या. यातलं आत्या काय खात होती? मला गुलाब ओळखता येतो आणि झेंडू. त्यापुढे माझं ज्ञान संपतं. पानफुटीचं पान जाड असतं एवढं ऐकून ठाऊक होतं. जाड पानाची दोन-तीन निघाली, एकाचं खोडच तेवढं जाड निघालं, पान दिसेना. माझं डोकं फिरलं. मी सरळ हौदात हात घातला आणि जे फुललेलं दिसेल ते मुळासकट उपटून बादलीत टाकलं. आत्यानं पाहिलं असतं तर ती तशी उठून घरी आली असती.

पाटणकर सर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. ते जेवायला बसले होते. माझ्या हातातली बादली आणि माझा अवतार बघून ते ताटावरून उठले आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक झाड मांडू लागले.

“ही निळी कोरांटी. ही सदाफुली. हा चिनी गुलाब. पेंटास. कोरफड, ती तुम्हालाही ठाऊक असेल. हे तण आहे.”

“सर, पानफुटी कुठली यातली?”

“पानफुटी नाहीच यात.”

“नीट बघा ना सर. ती रोज खाते.”

“अहो, नाही तर नाही. पानफुटी मी झोपेतही ओळखेन.” मग त्यांनी ते जाड खोडाचं झाड उचललं, बुंधा कांद्यासारखा फुगलेला, टोकाला दोन गुलाबी फुलं. नलूचं. सरांचा चेहरा बदलला. “हे मात्र सांभाळून. अडेनियम. कण्हेरीच्याच कुळातलं. आफ्रिकेत याचा चीक बाणांना लावत, शिकारीसाठी. याचं पान पोटात गेलं असेल तर डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे.”

बादली घेऊन मी हॉस्पिटलात परतले आणि सिस्टरचा डोळा चुकवून ते झाड पदराखाली धरून आत गेले.

“आत्या, हे बघ. हेच खायचीस का—”

“हेच,” आत्या म्हणाली. मी वाक्य पुरं करायच्या आत.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी झाड हातात घेतलं, सरांनी काय सांगितलं ते ऐकून घेतलं आणि एक लांब श्वास सोडला. “मग पुणे. दुसरा इलाज नाही. ॲम्ब्युलन्स बोलावतो. एक इंजेक्शन देऊन नाडी जरा सावरली की निघायचं. वाटेतली जबाबदारी तुम्हाला लिहून द्यावी लागेल.”

ॲम्ब्युलन्स साताऱ्याहून यायची होती. मी बाकावर बसले. मांडीवर ते फुगलेल्या बुंध्याचं ध्यान. गेली कित्येक वर्षं मी पोरांच्या वह्या तपासत आले होते. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली की मला लगेच खटकतं, पोरानं शेजाऱ्याचं बघून लिहिलंय हे कळतं. तसंच आता खटकायला लागलं. काय खटकतंय ते कळायला वेळ लागला. मग मी झाड उजेडात धरलं.

त्याला पानच नव्हतं.

एकही नाही. टोकाला दोन फुलं आणि खाली उघडं खोड. थंडीत पानं गळली असतील, पण मग आत्या रोज खात काय होती? रोज एक पान तोडायचं म्हटलं तर झाडाला पानं तरी हवीत! मी तशीच आत गेले. राग इतका आला होता की आवाज दाबून बोलावं लागलं.

“आत्या, याला पान कुठं आहे?”

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

“तुला पुण्याला नेतायत. वाटेत तुझं काही बरंवाईट झालं तर? खोटं का बोललीस? कुठलं झाड आहे ते सांग.”

“सांगितलं ना एकदा. हौदातलं आहे.” तिचा आवाज जेमतेम निघत होता, पण हट्ट जराही कमी झाला नव्हता. “तू घरी जा. जेव काहीतरी.”

आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिलेली ही बाई, आणि स्वतःच्या जिवाची वेळ आली तर तोंडाला कुलूप. मी हात टेकले. बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हटलं, “ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मला एक चक्कर टाकू द्या. ते झाड हे नव्हे.” डॉक्टर वैतागले. वैतागतील नाहीतर काय, आम्ही आत्या-भाची मिळून त्यांच्या डोक्याचं भजं करत होतो.

पुन्हा गच्ची. हौदात नुसते खड्डे. मी मातीत हात घालून उरलंसुरलं चाळलं. एका कोपऱ्यात काळं, कुजलेलं, मऊ पडलेलं खोड लागलं. ही असेल का तिची पानफुटी? पण ही तर केव्हाच मेलेली, पावसाळ्यातच कुजलेली असणार. मग नंतर ती रोज काय चावत होती? मी हौदाच्या काठावर बसले आणि रागानं रडायला आलं. मी कुणाच्या दारात मागायला जात नाही, म्हणे! कुणी विचारलं होतं तुला मागायला जातेस का म्हणून?

हे मनाशी म्हटलं आणि माझी मान आपोआप वळली.

आत्याचं घर आणि शेटेकाकूंचं घर जुळं. गच्ची एकच, मध्ये कमरेइतका कठडा. एके काळी दोघींचा एकमेकींवाचून चहा होत नसे. मग एका उन्हाळ्यात काकूंनी झाडांना घातलेलं पाणी कठड्याच्या भोकातून इकडे आलं आणि आत्यानं वाळत घातलेल्या कुरडयांचा चिखल झाला. आत्या बोलली, काकू उलट बोलल्या, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. मी शाळेत होते तेव्हा. नंतर माझं लग्न झालं, माझी पोरं शाळेत जायला लागली, कुरडयांचा राग तसाच. माझ्याशी काकू बोलत, पण आत्याच्या ते कानावर गेलं तर दोन दिवस तिचं तोंड फुगलेलं.

कठड्याला अगदी खेटून पलीकडे लहान मुलांच्या आंघोळीचा एक जुना, तडकलेला टब होता. शेवंती, झेंडू, आणखी काय काय त्यात कोंबलेलं, आणि मधोमध एक उंच दांडा. टोकाला विटकरी गुलाबी रंगाच्या घंटा खाली माना घालून लोंबत होत्या. पानं जाड, लांबट, आणि प्रत्येक पानाच्या कडेला इवलीइवली पिल्लं ओळीनं बसलेली. कुणीही पानफुटी म्हणावं असं झाड. पलीकडच्या अंगाला पानं भरगच्च होती. कठड्याच्या अंगाला, म्हणजे आमच्या बाजूला, खालपासून वरपर्यंत दांडा उघडा. एकेक पान खुडल्याच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

“काय बघतेस गं उल्के?” शेटेकाकू धुणं वाळत घालायला आल्या होत्या. पिळलेलं पातळ त्यांच्या हातातच राहिलं. “द्वारका कशी आहे? सकाळी रिक्षात घातलंत तेव्हा बघितलं मी खिडकीतनं.”

“काकू, आत्या या झाडाची पानं न्यायची का?”

त्या जराशा थांबल्या. “नेते की. रोज. सकाळी मी पूजेला बसते ना, माझी घंटा वाजली की हिचा हात कठड्यावरून आत. मला काय कळत नाही होय?”

“आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?”

“बोलले असते तर नेलं असतं का तिनं? तुझी आत्या आहे ती.” काकूंनी पातळ कठड्यावर टाकलं. “पावसात तिची पानफुटी कुजली. मी बघत होते इथनं. त्यानंतर कळ आली की कण्हायची, भिंतीतनं ऐकू यायचं सगळं. माझ्या वहिनीनं तासगावाहून हे रोप दिलं होतं, पानफुटी म्हणून. ते या टबात लावलं आणि टब कठड्याशी सरकवला. हात पुरावा म्हणून. तिला वाटायचं चोरतेय. म्हटलं वाटू दे. चोरलेलं लागू पडतं म्हणायची ना ती.”

पुढचं सांगणं जिवावर आलं. पण बोलावंच लागलं.

“काकू, डॉक्टर म्हणतात तिच्या पोटात विष गेलंय. तिनं दुसरं काही खाल्लेलं नाही.”

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टबाकडे. त्यांचं तोंड उघडं पडलं. “माझ्या हातानं?” एवढंच म्हणाल्या. मग वाकल्या, तो दांडा दोन्ही हातांनी धरला आणि शेवंती-झेंडू मोडत मुळासकट उपसून काढला. “चल,” म्हणाल्या. “चपला घालायला वेळ नाही.”

स्कूटरवर त्या माझ्यामागे झाड कवटाळून बसल्या. खांद्यावर माती पडत होती आणि त्या सारख्या एकच विचारत होत्या, “जगेल ना गं? जगेल ना?” मी वेग वाढवला. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पाटणकर सरांनी फाटकातूनच पाहिलं.

“आता कळलं! ही पानफुटी नव्हे, तिची चुलत बहीण. पानफुटीचं पान गोलसर, कातरल्यासारख्या कडेचं. ते तुटून मातीत पडलं की मग त्याला पिल्लं फुटतात. हिला झाडावर असतानाच फुटतात, आणि खालून हे जांभळे डाग बघा. हिच्यात हृदयावर चालणारं विष आहे. पण बाणाला लावायच्या तोडीचं नव्हे. रोज रोज खाऊन साठलंय ते.” आणि त्यांनी घरात जाऊन स्वतः डॉक्टर इनामदारांना फोन लावला. आम्ही दोघी दारात उभ्या. काकूंच्या अनवाणी पायांना चिखल लागला होता, माझं लक्ष उगाचच तिकडे जात होतं.

हॉस्पिटलच्या आवारात ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती. डॉक्टर पायरीवर होते. त्यांनी झाड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “तू चहा पिऊन ये. जायचं नाही बहुतेक.” मग आम्हाला म्हणाले, “पान बंद झालंय, इंजेक्शननं नाडी थोडी वर आलीय. हेच खाल्लं असेल तर हलवण्यात जास्त धोका आहे. इथंच ठेवू, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघू. मला वाटतं उतरेल.”

“आणि पोलीस?” मी विचारलं.

“कळवीन की. चुकून खाल्लेलं झाड, असं लिहून. सगळं समोर आहे, कुणाला काही होणार नाही. आता तुम्ही दोघी आत जाऊन भेटा.”

काकू भिंतीला टेकल्या. “नको. मी गेले तर तिचं रक्त तापेल. ठोके वाढतील उगाच.”

“वाढू देत की,” डॉक्टर म्हणाले. “सकाळपासून मी तेच तर करतोय.”

मी काकूंना जवळजवळ ढकलतच आत नेलं. आत्यानं डोळे उघडले. आधी काकू दिसल्या, मग त्यांच्या पदराला लागलेली माती दिसली. ती भिंतीकडे वळली. काकू पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आता दोघीही अशाच गप्प राहणार आणि मला वेड लागणार.

“माझं नाव का नाही घेतलंस गं?” काकूंनी विचारलं. “जीव गेला असता म्हणजे? इतका राग माझा?”

आत्या भिंतीकडे बघतच बोलली. एकेक शब्द सावकाश येत होता.

“ती सिस्टर पोलीस म्हणाली. विष म्हणाली. आपलं वाकडं आहे हे सगळ्या आळीला ठाऊक. तू टब माझ्यासाठी सरकवलास हे कुणी खरं मानलं असतं, महादेवी? दोरी लावून नेलं असतं तुला.”

म्हणजे हिला ठाऊक होतं. टब कशासाठी सरकला हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दिवसभर मी जिला हट्टी, हेकट, अडाणी म्हणत गावभर धावत होते, ती पडल्या पडल्या शेजारणीला वाचवत होती. त्यासाठी नलूचं विषारी झाडही स्वतःवर घ्यायला तयार झाली होती. माझा सगळा राग जागच्या जागी विरून गेला आणि मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडताहेत हे पाहून आत्या अस्वस्थ झाली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे तिला कधीच कळलं नाही. माझी आई गेली तेव्हाही तिनं मला उभं करून आधी वेणी घातली होती.

“आणि पाणी अजून जास्तच घालतेस तू,” ती म्हणाली. “पान नुसतं पाणचट लागतं. तेव्हाही घालायचीस, आताही तेच.”

काकूंनी पदर बाजूला केला. “माझं झाड आहे, मी कितीही घालीन.”

“घाल की. माझ्या कुरडयांवर कशाला?”

“कठड्याला भोक आहे ते दिसत होतं ना? खाटेवर घालायच्या होत्यास!”

“खाट तुझ्या घरी होती! नेलीस ती दिलीस का परत?”

“मागितलीस का कधी?”

आवाज ऐकून सिस्टर धावत आली. “काय चाललंय इथं? पेशंटला बोलायला बंदी आहे. बाई, तुम्ही बाहेर व्हा आधी.”

मी हिरव्या रेघेकडे पाहत होते. ती आता भराभर उड्या मारत होती.

“राहू द्या सिस्टर,” मी म्हटलं. “भांडू द्या त्यांना.”